रीत आणि नीति

मनुष्य कोणतेंहि कर्म नुसतें करीत नाहीं. तें कांहीं एका रीतीनें करतो. भूक लागली म्हणजे पशु खातो. मनुष्य पाट मांडतो, पान वाढतो, पानाभोंवतीं पाणी फिरवितो आणि मग जेवतो. जन्म, विवाह, मैत्री, वैर, शोक, यांपैकीं असा एकहि व्यवहार दाखवितां येणार नाहीं कीं, ज्याभोंवतीं त्यानें रीतीचें कुंपण घातलेलें नाहीं. या कुंपणालाच आपण संस्कृति म्हणतों, आणि तें बव्हंशीं योग्यहि आहे. परंतु येथेंच एक प्रश्न उभा राहतो. जें कर्म मुळांत चांगलें आहे तें सुंदर रीतीनें केल्यास दुधांत साखर पडते, हें उघड आहे. पण जें कर्म मुळांतच वाईट, निदान शंकास्पद, आहे तें सुंदर रीतीनें केल्यामुळें त्याचा वाईटपणा कमी होतो काय? कीं त्या सौंदर्यामुळें तो झांकला जाऊन अधिकच घातक होतो? थोडक्यांत, रीतीचा नीतीशीं संबंध काय?

एवढ्या मोठ्या प्रश्नासाठीं मी उदाहरण मात्र फार लहान घेणार आहें. इतकें लहान कीं तें अंगठ्याच्या पेरावर मावेल. हवाना सिगार ओढण्यापूर्वीं तिच्या बंद टोंकास वाटोळें भोंक पाडण्याचें पोलादाचें एक हत्यार असतें. त्याला पंच म्हणतात. पुष्कळ शौकीन लोक तें किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकवून बरोबर बाळगतात. नीतिशास्त्राच्या चर्चेंत हें उपकरण कोठून आलें, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, युद्ध, राजकारण किंवा धर्म यांचीं उदाहरणें घेतलीं म्हणजे आपले रागलोभ आधींच त्यांत गुंतलेले असतात. मराठी वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं हा पंच हातांत धरला असेल; म्हणून त्याच्याविषयीं आपणांस निःपक्षपातानें विचार करतां येईल, आणि तो विचार पुरा झाल्यावर आपल्या घरांतील उपकरणांकडे वळतां येईल.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊं. सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची नुसती गुंडाळी नव्हे. तिला तीन अंगें असतात. आंत लांब पानांचें भरण, त्यावर तें आवळून धरणारें बांधणीचें पान, आणि सर्वांत बाहेर मऊ, तुकतुकीत असें वेष्टनाचें पान. जें टोंक पेटवावयाचें तें उघडें असतें. जें ओंठांत धरावयाचें त्यावर पानाच्याच लहानशा तुकड्याची टोपी वनस्पतींच्या डिंकानें चिकटविलेली असते. ही टोपी आहे म्हणून वेष्टन उलगडत नाहीं. पण टोपी शाबूत आहे तोंपर्यंत धूरहि ओढतां येत नाहीं. म्हणजे जिनें सिगार राखली तिलाच थोडें तरी मोडल्यावांचून सिगारचा उपयोग नाहीं. किती मोडावें आणि कसें मोडावें, एवढाच काय तो वाद. पण त्या वादावर शौकिनांनीं पुष्कळ बुद्धि खर्च केली आहे.

मोडण्याच्या रीति मुख्यतः तीन. पहिली सरळ पात्यांची: एक किंवा दोन पात्यांनीं सबंध माथा उडवावयाचा. या रीतीनें धूर मोकळा येतो, पण पातें टोपीच्या रेषेखालीं गेलें कीं वेष्टन सुटूं लागतें. दुसरी, पाचरीच्या आकाराची खांच घेण्याची. तिसरी आपल्या पंचाची. पंच म्हणजे सात ते दहा मिलिमीटर रुंदीची पोकळ नळी. तिची कड वस्तऱ्यासारखी धारदार असते. ती टोपीच्या बरोबर मध्यावर टेकावयाची, हलका दाब देऊन पिळावयाची आणि उचलावयाची. पानाची एक वाटोळी चकती नळींत राहते, सिगारला तेवढेंच भोंक पडतें, आणि भोंकाभोंवतींची टोपी जशीच्या तशी राहते. वेष्टन सुटण्याचें भय नाहीं, तंबाखूचा चुरा जिभेवर येत नाहीं. अर्थात् या रीतीसहि उणीवा आहेत. ज्या सिगारचें टोंक निमुळतें आहे तिच्यावर पंच चालत नाहीं. बारीक सिगारला तो शोभत नाहीं. आणि भोंक लहान असल्यामुळें धुराचा कडू अर्क त्याच्या तोंडाशीं सांचतो.

याच्या उलट त्रिचनापल्लीचा, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीचा, चिरूट पाहा. चिरूट हा शब्दच मुळीं गुंडाळणें या अर्थाच्या तमिळ शब्दापासून निघाला आणि इंग्रजांच्या तोंडून जगभर गेला. शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्या कादंबरींत याच चिरुटाची राख खुनी माणसाचा माग दाखविते. या चिरुटाचीं दोन्ही टोंकें मुळांतच कापलेलीं असतात. त्याला टोपी नाहीं, म्हणून पंचहि नाहीं. उचलावा आणि पेटवावा. यावरून एवढें सिद्ध होतें कीं, तंबाखूच्या धुरास विधीची गरज नाहीं. गरज असेल तर ती ओढणाऱ्याच्या मनास आहे.

आतां या विधीच्या बाजूनें जें बोलतां येण्यासारखें आहे तें प्रामाणिकपणानें मांडलें पाहिजे. पहिला मुद्दा मितव्ययाचा. ज्यास मोडल्यावांचून गत्यंतर नाहीं तें कमींत कमी मोडावें, हा नियम सिगारपुरताच नाहीं. चांगला शस्त्रवैद्य लागेल तेवढाच छेद घेतो, चांगला माळी लागेल तेवढीच फांदी छाटतो, आणि चांगला न्यायाधीश लागेल तेवढीच शिक्षा देतो. पंच वापरणाऱ्याच्या हातास याच गुणाची संवय लागते. दुसरा मुद्दा अवधानाचा. सिगारेटला कांहीं तयारी लागत नाहीं, म्हणून हात नकळत खिशाकडे जातो आणि दिवसाअखेर पाकिटें रिकामीं होतात. सिगारला वेळ द्यावा लागतो. ती निवडावी, टोपीचा मध्य शोधावा, भोंक पाडावें, मग सावकाश पेटवावी. जेथें हात थबकतो तेथें विवेकाला बोलण्यास जागा मिळते.

तिसरा मुद्दा कारागिराविषयींच्या आदराचा, आणि मला तो सर्वांत बलवान वाटतो. हवानाच्या कारखान्यांत सिगार वळणारा मनुष्य बाकावर बसून अर्धचंद्राकृति पात्यानें पान कापतो आणि केवळ बोटांच्या जाणिवेनें भरण सैल कीं घट्ट हें ओळखतो. त्याच्या हातांना काम असतें, कान मोकळे असतात; म्हणून तेथें १८६५ सालापासून एक विलक्षण प्रथा सुरू झाली. कामगारांनीं आपल्या पदरच्या पैशानें एक वाचक नेमावा आणि त्यानें उंच आसनावर बसून सर्वांस वर्तमानपत्रें व कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखवाव्या. ह्यूगो आणि द्यूमा यांच्या कादंबऱ्या ऐकत ऐकत त्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या तंबाखू वळली. १९३५ सालीं निघालेल्या एका प्रसिद्ध सिगारचें माँटेक्रिस्टो हें नांव द्यूमाच्या कादंबरीवरूनच पडलें. ज्या वस्तूवर एवढें कौशल्य आणि एवढी संस्कृति खर्ची पडली, तिचें टोंक दातानें तोडून थुंकणें हा त्या कारागिराचा अपमान आहे. नीट भोंक पाडणें हा त्याच्या श्रमांस केलेला नमस्कार आहे. असा हा पूर्वपक्ष आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मितव्यय, अवधान, कृतज्ञता हे खरोखरच सद्गुण आहेत.

पण सद्गुण कोणत्या कर्माच्या अंगाला चिकटले आहेत, हें पाहावें लागतें. शूद्रकाच्या मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकांतहि एक भोंक पाडलें जातें, आणि तें सिगारच्या भोंकाहून कितीतरी अधिक विचारपूर्वक. देवलांच्या संगीत नाटकामुळें तो प्रसंग मराठी रसिकांस अपरिचित नाहीं. शर्विलक हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या भिंतीपाशीं येतो. तो घाईघाईनें भिंत फोडीत नाहीं. विटा भाजलेल्या असतील तर काय करावें, कच्च्या असतील तर काय करावें, याचें शास्त्र तो आठवतो. भोंकाचे कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक असे अनेक आकार तो मनांत चाळतो आणि पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभाचा आकार शोभेल असें ठरवितो. उद्यां सकाळीं नगरवासीयांनीं तें भोंक पाहून थक्क व्हावें अशी त्याची इच्छा आहे. मापाची दोरी घरीं राहिली असें ध्यानांत येतांच तो गळ्यांतलें जानवें काढून त्यानें भिंत मोजतो! मितव्यय, अवधान, शास्त्राविषयीं आदर, यांपैकीं शर्विलकाच्या ठिकाणीं काय उणें आहे? कांहींच नाहीं. उणें एवढेंच कीं घर दुसऱ्याचें आहे. इंग्रजींत डि क्विन्सीनें १८२७ सालीं खुनाकडे ललितकला म्हणून पाहणारा जो उपहासगर्भ निबंध लिहिला, त्याचाहि रोख हाच आहे. रसिकतेला एकदां स्वतंत्र राज्य दिलें कीं ती कोठें थांबेल याचा नेम नाहीं.

आरिस्टॉटलनें कला आणि व्यवहारविवेक यांत एक मार्मिक भेद सांगितला आहे. कलेच्या प्रांतांत जो जाणूनबुजून चुकतो तो नकळत चुकणाऱ्यापेक्षां श्रेष्ठ. कारण त्यास कला येते. सदाचाराच्या प्रांतांत याच्या अगदीं उलट. जाणूनबुजून चुकणारा अधिक दोषी. म्हणजे कौशल्य जसजसें वाढतें तसतशी जबाबदारी वाढते, घटत नाहीं. आपल्याकडे गीतेनें योगाची व्याख्या करतांना कौशल हा शब्द वापरला आहे, आणि त्याचा आधार घेऊन कोणतेंहि काम सफाईनें करणें म्हणजे योग, असें सांगण्याचा प्रघात पडला आहे. परंतु शंकराचार्यांनीं या कौशलाचा अर्थ, स्वभावतः बंधक असणारें कर्म समत्वबुद्धीमुळें बंधक राहूं नये अशी युक्ति, असा केला आहे. आणि कर्मयोगाच्या बाबतींत आचार्यांपासून फारकत घेणाऱ्या टिळकांनींहि १९१५ सालच्या गीतारहस्यांत हाताची सफाई हा अर्थ घेतलेला नाहीं. तसा अर्थ घेतला तर शर्विलकासारखा योगी नाहीं, असें म्हणण्याची पाळी येईल.

तात्पर्य, रीत स्वतः कर्माच्या बऱ्यावाईटपणाविषयीं मुकी असते. पंच म्हटलें म्हणजे निवाडा करणारा, असें मराठी माणसाच्या मनांत येतें. पण हा पोलादी पंच कोणताहि निवाडा देत नाहीं.

ती मुकी असती तरी एक वेळ चाललें असतें. पण पुष्कळदां ती वकिली करते. तंबाखू मोंगल दरबारांत कशी शिरली याची हकीकत असद बेग नांवाच्या सरदारानें स्वतः लिहून ठेविली आहे. १६०४ सालच्या सुमारास तो अकबराचा वकील म्हणून विजापुरास गेला होता, आणि तेथें त्यानें तंबाखू प्रथम पाहिली. परत जातांना त्यानें थोडी तंबाखू नेली; पण नुसती नेली नाहीं. दोन्ही टोंकांस जडावाचें व मिन्याचें काम केलेली नळी, तिला येमेनी अकीकाचें मुखनळ, सोन्याचें अग्निपात्र, आदिलशहानें दिलेल्या नक्षीदार पानाच्या बटव्यांत भरलेली तंबाखू, आणि हें सर्व रुप्याच्या तबकांत मांडलेलें, अशी ती भेट त्यानें बादशहापुढें ठेविली. बादशहाची दृष्टि प्रथम त्या सुंदर सामग्रीकडे गेली, आणि मग हें आहे तरी काय, असा प्रश्न निघाला. हकिमानें विरोध केला. ज्याचे गुण आपल्या ग्रंथांत परीक्षिलेले नाहींत तें द्रव्य घेऊं नये, असें त्याचें म्हणणें होतें. अकबरानें दोनचार झुरके घेऊन तो नाद सोडला. पण दरबारच्या मंडळींनीं सोडला नाहीं. तंबाखूचा प्रसार झपाट्यानें झाला, आणि १६१७ सालीं जहांगिरास बंदीचा हुकूम काढावा लागला, तो अर्थात् कोणी पाळला नाहीं. हीच तंबाखू मळक्या चिंधींतून पुढें आली असती तर तबकाइतक्या सहजतेनें ती बादशहाच्या हातीं गेली असती काय? नव्या व्यसनाचा परिचय पुष्कळदां त्याच्या उपकरणाच्या परिचयानें होतो. मनुष्य प्रथम नळीच्या प्रेमांत पडतो, धूर मागाहून येतो.

येथें कोणी म्हणेल, "रीत पडदा होऊं शकते हें मान्य, पण ती मर्यादाहि होऊं शकते हें तुम्हीच वर सांगितलें. मग अमुक एक रीत पडदा आहे कीं मर्यादा, हें ओळखावें कसें?" प्रश्न रास्त आहे. माझ्या मतें त्याची पहिली कसोटी अशी: ती रीत आजवर कधीं 'नको' म्हणाली आहे काय? सोंवळें नाहीं म्हणून जेवण राहिलें, रात्र झाली म्हणून जैनानें ताट बाजूस सारलें, या रीति आपणांस पटोत वा न पटोत, पण त्या मर्यादा आहेत. कारण त्या नकार देऊं शकतात. आतां पंच हरवला म्हणून कोणी सिगार पेटींत परत ठेविली आहे काय? विन्स्टन चर्चिल यांनीं १८९५ सालीं क्यूबांत सिगारची गोडी लावून घेतली ती नव्वदी उलटेपर्यंत टिकविली. त्यांच्याविषयीं असें सांगतात कीं, कापण्याचें हत्यार त्यांना फारसें लागत नसे. लांब आगकाडीचें टोंक खुपसून ते भोंक पाडीत. सिग्मंड फ्रॉइड दिवसाकांठीं वीस सिगार ओढीत. वीस वेळां टोंक उघडावें, वीस वेळां पेटवावें. ज्या विधीनें हात थबकून विवेकास अवसर मिळावयाचा, तो विधि वीस वेळां घडूनहि विवेकाचें कांहीं चाललें नाहीं. आणि ज्याचें चाललें नाहीं तो मनुष्य मानवी मनाच्या आत्मवंचनेचा विसाव्या शतकांतील सर्वांत मोठा अभ्यासक होता. जी रीत कधींच नकार देत नाहीं ती मर्यादा नव्हे. तो अलंकार होय. आपल्याकडे 'एकादशी दुप्पट खाशी' या म्हणींत हेंच शहाणपण चार शब्दांहून कमी जागेंत सांगून ठेविलें आहे.

दुसरी कसोटी अशी: त्या रीतीमुळें आपण दुसऱ्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहूं लागतों? सोलापुरांत आणि सिन्नरास हजारों स्त्रियांनीं टेंभुर्णीचें पान कापून, त्यांत तंबाखू भरून, दोरा बांधून विड्या वळल्या. त्या कामासहि बोटांची जाणीव लागते. मात्र त्यांच्या वळण्याविषयीं कोणी रसिकतेचे ग्रंथ लिहिले नाहींत. विडी ओढणाऱ्या हमालास आपण व्यसनी म्हणतों. चामड्याच्या पेटींतून सिगार काढून तिला पंचानें भोंक पाडणाऱ्यास आपण षोकी, फार तर रसिक, म्हणतों. वस्तुतः दोघेहि एकाच वनस्पतीचा धूर घेतात. फरक साधनांत आहे, आणि साधन पैशानें मिळतें. म्हणजे जो भेद खिशाचा आहे त्यास आपण शीलाचा भेद समजतों. ज्या रीतीमुळें मनुष्यास आपलें व्यसन हें व्यसन न वाटतां दुसऱ्याचें तेवढें व्यसन वाटूं लागतें, ती रीत त्याचें दुहेरी नुकसान करते. त्याला रोगहि होतो आणि वर गर्वहि.

सिगारचें उदाहरण परकें वाटत असेल तर अडकित्ता घ्या. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत पितळी अडकित्त्यांचे नानाविध नमुने मांडलेले आहेत. त्यांचें कोरीव काम पाहून मन प्रसन्न झाल्याशिवाय राहत नाहीं. पानसुपारीचें तबक हें आपल्या आतिथ्याचें चिन्ह आहे. परंतु तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला. अडकित्त्याच्या मोरपिसाऱ्यानें त्या निर्णयांत एका अक्षराचाहि फरक पडत नाहीं. सिगारच्या बाबतींतहि धूर छातींत ओढला जात नाहीं म्हणून अपाय नाहीं, अशी एक सोईस्कर समजूत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९९८ सालीं सिगारवर स्वतंत्र ग्रंथ काढून ती खोडून काढली. सिगारच्या धुरांतील निकोटिन तोंडांतल्या त्वचेंतूनच शोषलें जातें; एका मोठ्या सिगारेंत सिगारेटच्या सबंध पाकिटाइतकी तंबाखू असूं शकते; आणि मुखाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग तिच्या वांट्यासहि आहे. भोंक वाटोळें असो कीं पाचरीसारखें, रोगास तो भेद कळत नाहीं.

यावर शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. "असेल अपाय, पण देह माझा आहे. मी कोणाच्या घराची भिंत फोडीत नाहीं. शर्विलकाशीं माझी तुलना कां?" १८५९ सालीं मिल्लनें स्वातंत्र्यावर जो ग्रंथ लिहिला त्याचा अभ्यास केलेल्या आमच्या पिढ्यांस हा आक्षेप बिनतोड वाटत आला आहे. सरकारनें अशा माणसाच्या घरांत शिरून त्याच्या हातची सिगार काढून घ्यावी, असें मीहि म्हणणार नाहीं. पण मिल्लनेंच त्याच ग्रंथांत असें मान्य केलें आहे कीं, स्वतःस अपाय करून घेतल्यामुळें एखाद्याच्या हातून दुसऱ्याचें निश्चित कर्तव्य चुकलें, तर तें कर्म केवळ स्वतःपुरतें राहत नाहीं. कायदा कोठें थांबावा हा एक प्रश्न. आणि गृहस्थानें आपल्या देहास काय समजावें हा अगदीं निराळा प्रश्न. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मला मिल्लपेक्षां मृच्छकटिकांतच अधिक स्पष्ट सांपडतें.

चोरी होऊन गेल्यावर चारुदत्तास जागें करण्यांत येतें. तो तें भोंक पाहतो आणि त्याच्या सुबकपणाची प्रशंसा करतो! एवढ्या दरिद्री घरांतून बिचारा चोर रिकाम्या हातीं गेला असेल, याची त्यास हळहळ वाटते. आणि चोराला दागिन्यांचा डबा मिळाला असें कळतांच त्याला समाधान वाटतें. रसिकतेची आणि उदारतेची ही सीमा झाली. पण पुढच्याच क्षणीं मैत्रेय त्याला आठवण देतो कीं, तो डबा आपला नव्हता. ती वसंतसेनेची ठेव होती. ठेव हा शब्द ऐकतांच चारुदत्त मूर्च्छित पडतो. नुकसान आपलें आहे असें वाटत होतें तोंपर्यंत भोंक सुंदर होतें. तें दुसऱ्याचें आहे असें कळतांच सौंदर्याची गोष्टच संपली. आणि ती ठेव अखेर कोण भरून देतें? पडद्याआड असलेली त्याची पत्नी धूता. माहेरची रत्नमाला तेवढी तिच्यापाशीं उरली होती. ती ती काढून देते.

गृहस्थाचा देह ही अशीच ठेव आहे. तो वापरण्याचा अधिकार त्यास आहे, पण त्यावर पत्नीचा, मुलांचा, वृद्ध आईबापांचा हक्क आहे. आणि ही ठेव बुडाली म्हणजे ती भरून देण्याची पाळी बहुधा घरांतल्या सर्वांत अबोल माणसावर येते. फ्रॉइडला १९२३ सालीं जबड्याचा कर्करोग झाला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत त्याच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाळूचा भाग काढून तेथें कृत्रिम साधन बसविलें गेलें, आणि तें बसवितां काढतांना यातना होत. या सर्व काळांत त्याची शुश्रूषा केली ती त्याची धाकटी मुलगी ॲना हिनें. ती स्वतः मोठी मानसशास्त्रज्ञ होती. तरीहि सिगार पूर्णपणें सुटली नाहीं. १९३९ सालीं लंडनमध्यें त्याचा अंत झाला. त्या महापुरुषाचा अधिक्षेप करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. त्याचें धैर्य असामान्य होतें. पण सिगारचा आनंद ज्यानें घेतला तो एक, आणि सोळा वर्षें रात्रंदिवस त्याची किंमत भरण्यांत सहभागी झाली ती दुसरी, हें विसरून चालणार नाहीं. ॲना ही त्या घरची धूता होती.

मग रीति टाकून द्याव्या काय? नाहीं. रीत नसलेलें व्यसन रीत असलेल्या व्यसनापेक्षां बरें, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. दातानें टोंक तोडल्यानें कोणी संत होत नाहीं. हवानाच्या कारागिराचें कौशल्य, अडकित्त्याचा मोर, शर्विलकाचा पूर्णकुंभ हीं खरोखरच सुंदर आहेत, आणि तीं सुंदर नाहींत असें म्हणणारा नीतिवादी खोटें बोलतो. त्याच्या खोटेपणामुळेंच तरुण मंडळी त्याच्या खऱ्या उपदेशावरहि विश्वास ठेवीत नाहींत. मुलांना सांगावयाचें तें असें कीं, हें सुंदर आहे आणि हें घातकहि आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. हें एकदां मनांत ठसलें कीं सौंदर्याच्या तबकांतून पुढें येणाऱ्या कोणत्याहि वस्तूकडे तीं डोळसपणें पाहूं शकतील.

आणि अशा वस्तु केवळ तंबाखूच्याच असतात असें नाहीं. १९६१ सालीं हुंडाबंदीचा कायदा झाला. त्यानंतर सुशिक्षित घरांतून हुंड्याचा आंकडा कोणी उच्चारीनासें झालें. 'आम्हांला कांहीं नको, तुम्ही मुलीला हौसेनें काय घालाल तें घाला' असें अत्यंत सभ्यपणें बोललें जाऊं लागलें. जुना वरपिता सरळ पात्यानें माथा उडवीत होता. नवा पंच वापरतो. भोंक लहान, वाटोळें, नजरेस न खुपणारें. टोपी शाबूत, प्रतिष्ठेचें वेष्टन कोठेंहि उलगडलेलें नाहीं. पण मुलीच्या बापाच्या घरांतून जावयाचें तें त्या भोंकांतून जातेंच. नोकरास काढून टाकतांना लिहिलेलें गोड पत्र, वृद्ध आईला दूर ठेवतांना केलेली उत्तम व्यवस्था, कर्जदाराला शालजोडींतून दिलेला तगादा, हीं सर्व याच जातीचीं हत्यारें होत. आपल्या मध्यमवर्गाचा विशेष असा कीं, उघड क्रौर्य त्याला सोसवत नाहीं. ही त्याची जमेची बाजू आहे. परंतु उघड क्रौर्य सोसवत नाहीं याचा परिणाम क्रौर्य सोडण्यांत होतो कीं तें सुबक करण्यांत होतो, याचा हिशेब ज्याचा त्यानें केला पाहिजे.

तो हिशेब करण्यास फार मोठें शास्त्र लागत नाहीं. ही रीत कधीं नको म्हणते काय? ही रीत आपणांस दुसऱ्याहून श्रेष्ठ असल्याचा भास करून देते काय? आणि हिची किंमत घरांतील कोणत्या माणसाच्या रत्नमालेंतून जाते? एवढे तीन प्रश्न पुरे आहेत. पहिल्या दोहोंचीं उत्तरें आपलीं आपणांस देतां येतात. तिसऱ्याचें उत्तर मात्र धूतेला विचारावें लागतें. आणि ती बोलत नाहीं म्हणून तें विचारण्याचें राहून जातें.